दोन्ही नावांची बाई एकच

जोतीराम वरुटे तेहतीस वर्षं बायकोला ‘अगं’ म्हणत आला. मुलगा झाल्यावर चारचौघांत तो ‘आदर्शची आई’ म्हणू लागला. तिचं नाव त्यानंच ठेवलं होतं. लग्नात, ताटात पसरलेल्या तांदळांत अंगठीनं लिहून. पण तोंडानं ते त्यानं कधी उच्चारलं नाही, आणि तिनं त्याचं. त्यांच्या घरात नावं कागदावर असायची, आणि कागद पत्र्याच्या पेटीत.

नाव होतं राजनंदिनी. जोतीराम तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नुकता कायम झाला होता, आणि मालकाच्या मुलीचं नाव राजनंदिनी होतं. पांढरे मोजे घातलेली ती मुलगी एकदा ऑफिसच्या पायरीवर आइस्क्रीम खात उभी होती, ते त्याच्या लक्षात राहिलं. हेऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीवरून, चंदगडच्या पावसातून आलेल्या बायकोला त्यानं तेच नाव दिलं. यापेक्षा भारी वस्तू तेव्हा त्याच्याजवळ नव्हती.

उचगावच्या गल्लीत ते नाव चाललं नाही. सासू म्हणाली, “एवढं लांबडं नाव घेऊस्तर दूध उतू जाईल की.” ती ‘नंदे’ म्हणायची. नळावरच्या बायका मुद्दाम पूर्ण नाव घ्यायच्या. “राजनंदिनीबाई, कळशी उचलतासा, का शिपाई धाडू?” ती कळशी उचलायची आणि हसायची. हसून घेणं ती पहिल्या महिन्यातच शिकली.

माहेरी ती चिमणाबाई होती. आजीचं नाव तिला दिलेलं. आई भातशेताच्या या कडेवरून त्या कडेला ‘चिमणेऽ’ अशी हाक मारायची. धुक्यातून आधी आवाज यायचा, मग बऱ्याच वेळानं आई दिसायची. तिकडची बोलीही वेगळी होती. उचगावात दिरांची पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करून लोळायची, म्हणून ती बोली तिनं सोडून दिली. सोडली म्हणजे काय केलं हे तिलाही सांगता आलं नसतं. एके दिवशी माहेरी गेल्यावर भावजय म्हणाली, “वन्सं, तुम्ही आता पार तिकडच्या झालासा,” आणि तिला कळलं की बोली गेली.

पन्नाशी ओलांडल्यावर तिच्या छातीत काहीतरी सुरू झालं. भाकरी थापताना किंवा नुसतं उंबऱ्यात बसलेलं असताना काळीज एकदम पळायला लागायचं. “कोंबडं धरल्यागत फडफडतंय,” ती म्हणायची. पाच-दहा मिनिटांत थांबायचं, मग ती उठून पुढचं काम करायची. भाद्रपदातल्या एका सकाळी मात्र थांबलंच नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी धरली, घड्याळ बघितलं, पुन्हा नाडी धरली. मशीनवर ईसीजीची पट्टी काढली. तिच्या ओठांचा रंग उतरत चालला होता. रिक्षा दारात यायच्या आत, जशी सुरू झाली तशीच ती फडफड आपोआप थांबली.

डॉक्टरांनी जोतीरामला बाहेर घेतलं. “जोतीराम, या खेपेला सुटलो. पुढच्या खेपेला माझ्याकडं येऊ नका.”

“मग कुठं जायाचं, सायेब?”

“कोल्हापुरात. जिथं इमर्जन्सीचा शिकलेला डॉक्टर चोवीस तास जागेवर असतो तिथं. जागेवर म्हणतोय मी. बोर्डावर नव्हे. आणि तुमच्या कंपनीचा विमा तिथं चालतो का ते आत्ताच विचारून ठेवा. ऐनवेळी कागद हुडकत बसलासा तर बाई हातात राहायची नाही.”

हे जोतीरामला लगेच पटलं, कारण त्याचं सगळं काम असंच होतं. साच्यात लोखंड ओतायच्या आधी वाळू दाबून बघायची, वाफ जायला वाट आहे का बघायचं, आतला गाभा हलतो का बघायचं. एकदा रस ओतला की बघायला काही राहत नाही. तीस वर्षांत त्यानं नवीन पोरांना एकाच कारणानं शिव्या घातल्या होत्या, आधी न बघितल्याच्या.

आदर्शनं पुण्याहून मोबाइलवर यादी पाठवली. “पप्पा, सगळं ऑनलाइन हाय. हॉस्पिटलचं नाव टाका, विमा कंपनीचं नाव टाका, कळतंय.”

“त्यात डॉक्टर जागेवर हाय का ते कळतंय का?”

“ते कसं कळंल?”

“मग मी बघून येतो.”

सुट्टीच्या दिवशी तो स्कूटर काढून निघाला. पहिल्या हॉस्पिटलाच्या दारावर तांबड्या अक्षरांत ‘२४ तास’ असं लिहिलेलं होतं. वॉचमननं अडवलं. “पावणं, पेशंट कुठाय?”

“घरात हाय. चांगली हाय आता.”

“मग हितं कशाला आलायसा?”

“बघायला.”

“बघायला? लग्नाची पोरगी हाय व्हय हितं!”

आत त्याला सांगितलं गेलं की इमर्जन्सीचे डॉक्टर घरी असतात आणि फोन केला की वीस मिनिटांत येतात. जोतीरामनं मान हलवली. वीस मिनिटांत भट्टीतून काढलेल्या रसाचं काय होतं हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर होते, समोर बसलेले दिसले, पण त्याचा विमा तिथं मार्चपासून बंद झाला होता. काउंटरवरच्या माणसानं दुसरा विमा घेण्याचा सल्ला दिला. जोतीरामनं त्याचे आभार मानले आणि बाहेर येऊन मोबाइलवरची यादी पुन्हा उघडली.

तिसरं हॉस्पिटल दाभोळकर कॉर्नरच्या पुढं एका बोळात होतं. बोर्ड लहान. इथं त्याचा प्रश्न ऐकून आतली डॉक्टर स्वतःच बाहेर आली. तिशीची असेल, पायात कापडी बूट, अंबाड्यात खोचलेलं पेन. अनुजा तिचं नाव. जोतीराम तिला एकामागून एक विचारत गेला.

“आम्ही तिघं आहोत, काका. पाळीपाळीनं. एक जण कायम इथं.”

“जेवाय कुठं जातासा?”

“डबा इथंच असतो.”

“आणि डुलकी लागली तर?”

ती हसली. “मला कामावर ठेवून घ्यायला आलाय काय तुम्ही?”

“तसं न्हाय ताई. बायको हाय.”

मग ती हसायची थांबली. तिनं सगळं विचारून घेतलं. किती वेळ चालतं, चक्कर येते का, घाम येतो का. जुनी पट्टी पाहून तिनं सांगितलं की असं झालं तर स्कूटरवर आणू नका, रिक्षातही नको, सरळ अँब्युलन्सला फोन करा, आणि या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. “वेळेत आणलं तर हे थांबवता येतं. मात्र वेळेत.” जोतीरामला तिचं बोलणं आवडलं. तिच्या हाताखाली साचा फुटला नसता.

राहिला विमा. काउंटरवर स्वप्नाली नावाची मुलगी होती. तिनं कार्डाचा नंबर टाकला. हॉस्पिटल यादीत होतं. जोतीरामच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं.

“पेशंटचं नाव?”

त्यानं कार्ड पुढं सरकवलं. “हाय की त्यात.”

“तोंडी सांगा, काका. जुळवून बघायचं असतं.”

जोतीरामचे कान तापले. मागं दोन माणसं उभी होती. “आदर्शची आई,” तो म्हणाला.

स्वप्नालीनं हसू दाबलं आणि स्वतःच वाचलं. “राजनंदिनी जोतीराम वरुटे. बरोबर? आता त्यांचं आधार द्या.”

त्यानं दिलं. तिनं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं, परत आधारकडं.

“हे कुणाचं आहे?”

“तिचंच.”

“ह्यावर चिमणाबाई आहे.”

जोतीरामनं कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. बारा वर्षं ते पेटीत होतं. त्यानं ते कधी वाचलंच नव्हतं. “फोटो तिचाच हाय की,” तो म्हणाला.

“फोटोवर मंजुरी येत नाही, काका.” मग तिनं आवाज खाली आणून नीट समजावलं. पेशंटला आत घेणं थांबत नाही, उपचार लगेच सुरू होतात. पण विमा कंपनीकडं कागद गेले की दोन नावं म्हणजे दोन बायका, आणि मंजुरी अडकते. मग सगळं आधी पदरचं घालायचं आणि नंतर त्यांच्या मागं फिरत बसायचं. “एक तर आधार बदला, नाही तर तुमच्या कंपनीच्या यादीतलं नाव बदला. पण लवकर करा.”

घरी आला तेव्हा ती परसात शेंगा निवडत बसली होती. त्यानं आधार तिच्यासमोर धरलं. तिनं एकदाच बघितलं आणि शेंगांकडं वळली.

“हे कसं झालं?”

“कसं म्हंजे? सांगितलं तसं झालं.”

बारा वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या आजारपणात ती दोन महिने माहेरी होती. तेव्हा वाडीच्या शाळेत आधारचा कॅम्प लागला होता. सगळी वाडी रांगेत. ती पण उभी राहिली, कागद नंतर उचगावात करायचे तर इथंच होतील म्हणून. आईला पण आणलं होतं, पाठुंगळीला घालून भावानं. शाळेच्या पायरीवर घोंगडं पांघरून बसवलं होतं.

“त्या पोरानं इचारलं नाव काय. मी सांगितलं.”

“चुकून?”

तिनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. “आई तितं पायरीवर बसलीती. तिच्या म्होरं दुसरं नाव कसं सांगू?”

“आणि फुडं जोतीराम वरुटे बरं लावलंस.”

“ते तर खरंच हाय की.”

ती आईला कळावं म्हणून बोलली होती का, आईला तेव्हा नीट ऐकू तरी येत होतं का, हे जोतीरामला विचारावंसं वाटलं. त्यानं एवढंच म्हटलं, “सोमवारी जाऊन बदलून घेऊ.”

“बरं,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ते आधार केंद्रात गेले. टोकन मिळालं. दोन तास प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गेले. ती पदर सारखा करत बसली होती, लग्नकार्यात अनोळखी मांडवात बसावं तशी. नंबर आला. काउंटरमागच्या मुलीनं रेशनकार्ड घेतलं, मान वर न करता विचारलं, “जुनं नाव काढून राजनंदिनी टाकायचं ना?”

मुलीनं मान वर केली.

“काढून म्हंजे?”

“म्हणजे ते जाणार. हे येणार.”

“परत कुठं ऱ्हाणार न्हाय?”

“कुठं राहील, मावशी?”

“मग न्हाय बदलायचं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मावशी, घरातनं ठरवून येत जावा की! आम्ही सकाळपास्नं हाय हितं.” जोतीरामनं तिचा दंड धरला. ती हलली नाही. तिनं स्वतःच कागद उचलले, पिशवीत घातले आणि बाहेर आली.

बाहेर उन्हात त्याचा आवाज चढला. “जिवापरीस नाव मोठं झालं व्हय तुला? त्या दिवशी ओठ काळं पडलंतं तुझं. मी बघितलंय. तू न्हाय बघितलंस.”

ती स्कूटरच्या आरशाकडं बघत होती. “आई गेली. भाऊ मला आक्का म्हंतोय. शाळंतल्या पोरी कुठं कुठं दिल्या. त्या नावानं हाक मारणारं आता कोण ऱ्हायलंय? एक तेवढा कागद हाय. त्यो बी पुसू?”

“मी दिल्यालं नाव वाईट हाय का?”

“वाईट कुठं म्हटलं मी. चांगलं हाय. माझं न्हाय एवढंच.”

तेहतीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली होती, आणि तेसुद्धा रस्त्यावर, उसाच्या गाड्याशेजारी. जोतीरामनं स्कूटर सुरू केली. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता, नेहमीसारखा, पण त्याला तो कुणा पाहुण्या बाईचा वाटला आणि त्याची त्याला भीती वाटली.

राहिला दुसरा मार्ग. पगार वाढून तो सरकारी विम्याच्या हद्दीबाहेर गेला तेव्हा कंपनीनं जुन्या लोकांचा एकत्र विमा उतरवला होता, आणि ती यादी वीरेशकडं असायची. वीरेश कुरुंदवाडचा, ऑफिसात नवा, पण मोठ्या माणसांना खुर्ची देणारा. त्यानं कपाटातून जुना फॉर्म काढला. त्यावर निळ्या शाईत, जाड, तांदळात लिहावं तसं एकेक अक्षर सुटं करून ‘राजनंदिनी’ लिहिलेलं होतं.

“काका, हे तुम्हीच लिहिलंय.”

“व्हय. मीच लिहिलतं.”

“मग आता?”

“तिचं नाव ते न्हाय.”

वीरेशनं त्याच्याकडं बघितलं. “लग्न होऊन किती वर्षं झाली, काका?”

“हासू नको.”

“नाही हसत. आमच्या घरात आईची तीन नावं आहेत, आजोळी कानडी, इकडं मराठी, आणि बँकेत तिसरंच.” त्यानं सांगितलं, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून आणा. ते विमा कंपनीला पाठवतो. यादीत आधारवरचं नाव येईल. तीन-चार आठवडे धरून चाला.

“मधी काय झालं तर?”

“काकूंना सांगा, जरा दमानं घ्या म्हणावं.” दोघंही हसले नाहीत.

कोर्टाच्या आवारात नोटरीच्या टेबलाशी टंकलेखकानं मजकूर वाचून दाखवला. ती पदराचं टोक बोटांत धरून ऐकत होती. “मी, चिमणाबाई जोतीराम वरुटे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझे माहेरचे नाव चिमणाबाई असून विवाहानंतर माझे नाव राजनंदिनी असे ठेवण्यात आले. सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.” त्यानं चष्म्यावरून बघितलं. “बरोबर हाय न्हवं, मावशी?”

तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

“मावशी?”

“एकच हाय म्हणायचं?”

टंकलेखक खदखदून हसला. “मग काय दोन हायत? पावणं, दोन बायका करून एका विम्यात बसवतासा की काय!”

आजूबाजूचे हसले. जोतीराम हसला नाही. तो तिच्याकडं बघत होता. ती खरंच विचार करत होती, भाजीवाल्यानं सांगितलेला भाव मनात ताडून बघावा तशी. मग म्हणाली, “लिवा. एकच हाय.”

दोन्ही सह्या लागत होत्या. राजनंदिनी ही सही ती बचतगटासाठी आदर्शच्या पाटीवर गिरवून शिकली होती. ती झरझर झाली. चिमणाबाईला वेळ लागला. चौथीनंतर ते नाव तिनं लिहिलंच नव्हतं. अक्षरं मोठी आली, रेघेच्या वर गेली, शेवटचा ‘ई’ कागदाच्या कडेला चेपून बसवावा लागला. दहा वर्षांच्या पोरीची सही. नोटरीनं त्यावर शिक्का मारला.

मग वाट बघणं. त्या आठवड्यांत जोतीराम दोन वेळा उचगावापासून हॉस्पिटलापर्यंत स्कूटरनं जाऊन आला, एकदा सकाळच्या गर्दीत, एकदा दुपारी. तावडे हॉटेलच्या चौकात किती मिनिटं जातात ते त्यानं पाठ केलं. कंपनीत तो मोबाइल खिशाऐवजी हातात धरू लागला. रोज वीरेशच्या दारात डोकावायचा. वीरेश मान हलवायचा.

दिवाळीनंतर तिच्या भावाचा फोन आला. भात कापून झालंय, नवा तांदूळ आहे, आक्काला चार दिवस धाडा. आई गेल्यापासून ती तिकडं फार गेली नव्हती. फोन जोतीरामकडं होता, ती चुलीपाशी होती, पण तिचे हात थांबले हे त्याला दिसलं.

“आत्ता नको, पावणं,” तो म्हणाला. “तितनं हितं याला तीन तास लागत्यात. काय झालं तर...”

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “बरोबर सांगितलासा.” रात्री तिनं नेहमीचाच भात केला. जेवताना मधेच म्हणाली, “तिकडचा तांदूळ शिजताना वास भाईर अंगणात जातोय.” जोतीरामनं पान पुढं केलं. तिनं वाढलं.

त्याला कळत होतं की त्यानं एक डॉक्टर शोधली होती आणि त्या डॉक्टरभोवती एक रिंगण आखलं होतं. अर्ध्या तासाचं. तिनं आता उरलेलं आयुष्य त्या रिंगणात काढायचं होतं. वाडी त्याच्या खूप बाहेर होती.

पाचव्या आठवड्यात वीरेशनं नवं कार्ड छापून, प्लास्टिकात घालून दिलं. जोतीरामनं ते घरी आणून तिच्या हातात दिलं. तिनं हात धुतले, पुसले, मग घेतलं. नावावरून अंगठा फिरवला, उठतंय का बघितल्यासारखा. “छापून आलं की,” ती म्हणाली. आणि पेटीत न ठेवता देवाच्या फळीवर ठेवलं, आधारबरोबर.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी ते सुरू झालं. जोतीरामची दुसरी पाळी होती, तो निघायच्या तयारीत होता. ती भिंतीला टेकून खाली बसली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. तिचा चेहरा मेणासारखा झाला. त्यानं अँब्युलन्सला फोन केला, फळीवरून दोन्ही कार्डं उचलली. गल्लीतल्या बायका दारात जमल्या. कुणी थट्टा केली नाही.

सगळं त्यानं बघून ठेवलं होतं तसंच झालं. चौकात चार मिनिटं. बोळाच्या तोंडाशी वॉचमननं रिक्षा हटवली. अनुजाबाई जागेवर होत्या. त्यांनी पट्टीचा फोटो बघितला, “आत घ्या,” म्हणाल्या, आणि काचेचं दार लागलं.

जोतीरामनं कार्डं काउंटरवर ठेवली. स्वप्नालीनं एकाखाली एक धरून बघितली. “चिमणाबाई, चिमणाबाई. जुळलं, काका. मी कागद पाठवते. तुम्ही बसा.”

तो बाकावर बसला. शेजारी एक मोठं कुटुंब होतं, म्हातारीला घेऊन आलेलं, थर्मास आणि सतरंजीसह. समोरच्या भिंतीवर हृदयाचं चित्र होतं, वाटा निळ्या-तांबड्या. साच्यात रस जायच्या वाटा असतात तशा. त्यानं त्या मोजायला घेतल्या. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

काचेचं दार अर्धं उघडलं. नर्सनं मोठ्यानं विचारलं, “चिमणाबाईंचं कोण हाय?”

जोतीरामनं शेजारच्या कुटुंबाकडं बघितलं. त्यांच्या म्हातारीचं असावं. कुणी उठेना. किती निष्काळजी माणसं, त्याच्या मनात आलं, पेशंट आत आणि ही इथं चहा पितायत.

“चिमणाबाईंचं कोण हाय का न्हाय?”

“काका,” काउंटरवरून स्वप्नाली ओरडली, “तुमचंच की ते!”

तो उठला. चपला काढायच्या की नाही ते त्याला कळेना. तो चपला हातात घेऊनच आत गेला.

“थांबलंय,” डॉक्टर अनुजा म्हणाल्या. “औषध शिरेतून दिलं. दोन-चार सेकंद त्यांना फार वाईट वाटलं असेल, काळीज बंदच पडल्यासारखं. पण आता नीट चाललंय, बघा.” पडद्यावर हिरवी रेघ एकसारख्या उड्या मारत होती. आजची रात्र इथंच ठेवू, पुढं कायमचा उपाय करता येतो, त्याचं नंतर बोलू, असं सांगून त्या दुसऱ्या खाटेकडं गेल्या. तासाभरानं स्वप्नालीनं येऊन मंजुरी आल्याचं सांगितलं. काही अडलं नव्हतं.

ती छताकडं बघत पडली होती. केस विस्कटलेले, कुंकू पुसलेलं. हाताला नळी. जोतीराम स्टुलावर बसला. आता काहीतरी बोलायला हवं होतं. तेहतीस वर्षं त्याच्याजवळ ‘अगं’ होतं, ते आज पुरत नव्हतं, आणि दुसरं त्याच्या तोंडाला येईना.

“बरं वाटतंय?” त्यानं विचारलं.

“व्हय.” मग ती म्हणाली, “मगाशी भाईर हाक मारली ती मला आत ऐकू आली. दोन डाव मारली. तुम्ही उठला का न्हाईसा?”

“मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं तरी पेशंट हाय.”

ती पडद्यावरच्या रेघेकडं बघत राहिली.

“मला बी तसंच वाटलं,” ती म्हणाली.